चार बोटं कापड

माझ्या ताईच्या हाताला एक खोड होती. फ्रॉक असो, पडदा असो की एखाद्या साहेबाची पँट, आतल्या बाजूला चार बोटं कापड दुमडून ठेवल्याशिवाय ती काठ शिवायचीच नाही. "उद्या वाढवायचं झालं तर कुठून आणायचं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मशीनवर ती, काजं-बटणांना मी.

तिची एकुलती एक लेक लहानपणी फारच हळू वाढायची, म्हणून ती सगळ्यांची ठेंगू. ताई दर वर्षी तिच्या फ्रॉकचा काठ उसवून बोटभर खाली सोडायची. शाळेच्या मैदानात पाचशे मुली पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी ताई आपली पोर अचूक दाखवायची, कारण जुन्या दुमडीची गडद रेघ फक्त तिच्याच फ्रॉकवर असायची.

ही ठेंगू सव्विसाव्या वर्षी चांगली नोकरी सोडून भिक्खुणींच्या विहारात राहायला गेली. वर्षभराने दीक्षा. निघताना म्हणाली, "आई, मी रागावून नाही चाललेय." रागावून गेली असती तर बरं झालं असतं, राग उतरतो तरी. मला तिचा भयंकर राग आला होता, अजूनही आहे. ताईचं वेगळंच. पोरगी जे शिकतेय ते आपणही शिकायचं आणि त्यातलाच एखादा मुद्दा काढून तिला घरी आणायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. हातात एक वर्ष होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी एक निवृत्त नर्सबाई ध्यान शिकवायच्या. ताईने मलाही ओढत नेलं. पहिल्याच दिवशी माझ्या पायांना मुंग्या आल्या आणि मी भिंतीला टेकून चक्क झोपले. ताई ताठ बसलेली.

"श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं," नर्सबाई म्हणाल्या. "मन पळालं तर त्याला रागवायचं नाही. परत आणायचं."

जिना उतरताना मी विचारलं, "काय दिसलं गं?"

"ठेंगू."

"किती वेळा?"

"एकदाच. गेलीच नाही."

घरी पण बसायची, मशीनशेजारच्या स्टुलावर. दोन श्वास झाले की ओठ हलायला लागायचे. लेकीशी भांडण चालू असायचं. वहीत मात्र सगळं नीट उतरवून घ्यायची. काहीच टिकत नाही. धरून ठेवलं की दुःख होतं. एका मंगळवारी तिने हात वर केला. "सगळंच बदलतं म्हणता, मग एखाद्याचा निश्चयही बदलेल ना?"

नर्सबाईंना घरची हकिगत ठाऊक होती. "बदलेलही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही त्याची वाट बघत बसलात तर ते ध्यान नाही हो, तो बसस्टॉप झाला." सगळे हसले. ताईही हसली. घरी येऊन जेवली मात्र नाही.

अकराव्या महिन्यात विहारातून निरोप आला. आईची इच्छा असेल तर लेकीचं चीवर, म्हणजे दीक्षेनंतर पांघरायचं वस्त्र, तिने शिवावं. रीत अशी की चांगलं अखंड कापड आधी तुकडे तुकडे कापायचं आणि मग तेच जोडून शिवायचं, म्हणजे त्याचा कोणाला मोह उरत नाही. ताई कात्री घेऊन अर्धा दिवस नुसती बसून राहिली.

"तीस वर्षं फाटलेलं शिवलं. धडधाकट कापड कापायला हातच उचलत नाही."

"मग नको ना शिवूस!" मी ओरडले.

"मी नाही तर दुसरं कोणीतरी शिवेल." आणि तिने कात्री घातली.

दीक्षेच्या सकाळी दोन बस बदलून आम्ही विहारात पोचलो. वाटभर ती आपला मुद्दा घोकत होती. ठेंगू समोर आली, डोक्याचा गोटा केलेला. ताईने तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, घाईघाईने म्हणाली, "करुणा सगळ्यांवर करायची ना? मग त्या सगळ्यांत आई येते की नाही?"

"येते, आई. म्हणून तर तुलाच शिवायला सांगितलं."

संपला मुद्दा. वर्षभराची वही एका वाक्यात संपली. ताईने चीवर पुढे केलं. ठेंगूची बोटं काठावरून फिरली आणि थांबली.

"आई, मी आता वाढणार नाही गं."

"तू नाही, पण कापड आटेल ना!"

जवळच उभ्या असलेल्या थोरल्या भिक्खुणीने काठ हातात घेऊन पाहिला. "इथे जादा काही ठेवत नाही," ती मऊ आवाजात म्हणाली. "तेवढं कापून बारीक काठ घाला. अजून तासभर आहे."

ताईने काठ उसवला, चार बोटांची पट्टी कापून मांडीवर ठेवली आणि हाताने शिवायला लागली. एरवी तिचा हात मशीनच्या वरताण चालतो. त्या दिवशी एका टाक्याला एक श्वास. ओठ हलत नव्हते. नर्सबाईंनी बघायला हवं होतं, मन कुठेही पळत नव्हतं. काठ संपला की लेक उठणार, हे तिला ठाऊक होतं. ठेंगू समोर बसून बघत होती. विताएवढा काठ उरला आणि ताई थांबली. डोळे भरून आले होते, सुई दिसेना.

"मावशी, तू घाल ना टाके."

"मी नाही घालणार," मी म्हटलं. मला खरंच जमलं नसतं.

मग ठेंगूनेच सुई घेतली, राहिलेला काठ शिवला आणि दोरा दातांनी तोडला, अगदी ताई तोडते तसा. चीवर उचलून आत गेली.

थोड्या वेळाने आम्हाला सभागृहात मागे सतरंजीवर बसवलं. पुढे एकवीस जणी पाठमोऱ्या बसल्या होत्या. एकाच रंगाची चीवरं, सारखीच डोकी. ताईची नजर काठांवरून फिरत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. रेघ कुठेच नव्हती. मग माझा हात घट्ट धरून तिने हळूच विचारलं, "यातली आपली कुठली गं?"

मलाही सांगता येईना.