नवा म्हणवलेला ऑर्गन

वुबके टाडेनने ओस्टरवार्फच्या चर्चमधला ऑर्गन जन्मभर पाठीमागूनच ऐकला. भाते तुडवणाऱ्याची जागाच तिथे. पुढे कथलाच्या नळ्या चकाकत, वादक बाकावर ऐटीत बसे, खाली मंडळी माना वर करून गात, आणि मागच्या अंधाऱ्या फळीवर वुबके एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर पाय देत ऑर्गनला वारा पुरवी. वादकाने दोरी ओढली की तिच्या कानाशी घंटी वाजायची. तुडव. बस, एवढाच संवाद. काम बापाकडून आलेलं. बापाचा गुडघा गेला आणि शाळा सुटलेली वुबके फळीवर चढली.

पुढून ऑर्गन कसा वाजतो, हे तिला एकदा ऐकायचं होतं. मागणं काही फार मोठं नव्हतं. लग्नाच्या दिवशी संधी आलीही होती. भाऊ म्हणाला, "आज तू नवरी. आज मी तुडवतो." दुसऱ्याच कडव्याला त्या शहाण्याने सगळे भाते रिकामे होऊ दिले आणि ऑर्गन शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा केकाटला. नवरी झगा उचलून जिन्याने वर पळाली. नवरा, रंगारी फोको, पाळकांसमोर एकटाच उभा! शेजारच्या हामरीज गावचे पाहुणे पुढे कित्येक वर्षं विचारत, "काय रे फोको, तुझं लग्न लागलं कुणाशी? पाळकाशी?"

फोकोने तेव्हाच तिला शब्द दिला होता. "मी शिकून घेतो तुडवणं. एका रविवारी तू खाली बस, पहिल्या बाकावर."

"कोणत्या रविवारी?"

"ईस्टरला."

कोणत्या ईस्टरला, ते ठरायचं राहूनच गेलं.

मग १८९३ साली हामरीजकरांनी कारखान्यात बांधलेला कोरा ऑर्गन आणला, आणि त्यांचा पंच रेन्को उफेन बाजारात भेटेल त्याला विचारू लागला, "तुमचं खोकड अजून खोकतंय का?" ओस्टरवार्फच्या पंचांना हे फार झोंबलं. नवा ऑर्गन घेण्याची ऐपत नव्हती, ऐट मात्र भरपूर. मुख्य पंच आयलर्ट पोपिंगाने फोकोला बोलावलं. पेटीला ओकच्या लाकडाचा रंग दे, म्हणाला, आणि वरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत लिही : देवाच्या गौरवासाठी नव्याने बांधला, १८९३. त्या जागी आधी १६८८ असं जुनं साल होतं. ते रंगाखाली गेलं. एकही नळी बदलली नाही.

उद्घाटनाला हामरीजकर आले, ऐकलं, आणि नाइलाजाने माना डोलावत म्हणाले, "नव्याचा आवाज तो नवाच. लगेच कळतो." मागे वुबके हसता हसता दांड्यावरून पडायची बाकी होती. तेव्हा आपण हसलो, हेच तिला पुढे सलत राहिलं.

पुढे १९१४ साली मोठी लढाई पेटली आणि तिच्या तिसऱ्या वर्षी सैन्याला कथील कमी पडलं. ऑर्गनच्या पुढच्या नळ्या द्यायचा हुकूम निघाला. सूट फक्त जुन्या, मोलाच्या ऑर्गनांना. पाहणीचा साहेब यायचा त्या सकाळी वुबकेने चहाच्या नावाखाली सफरचंदाच्या सालींचं पाणी फोकोपुढे ठेवलं.

"आज साहेबाला सांगून टाक. रंग खरवडून खालचं १६८८ दाखव."

"सांगतो."

"पोपिंगाला विचारत बसू नकोस."

"सांगतो म्हटलं ना! रंग माझा, मीच खरवडणार."

"रंग कसला, लबाडी आहे ती."

"लबाडी असेल. पण अक्षरं बघ कशी बसलीत!"

साहेब आला तो नेमका रेन्को उफेनच्या गाडीतून. आसपासचे बरे घोडे सैन्याने नेलेले, त्याचा म्हातारा घोडा तेवढा उरलेला. रेन्कोही धापा टाकत ऑर्गनच्या माडीवर चढला. तमाशा असला की त्याला गुडघेदुखी आठवत नसे.

"साल?" साहेबाने विचारलं. त्याला अजून बरीच गावं करायची होती.

पाळक नुकतेच बदलून आलेले. त्यांनी फळीवरचं वाचून सांगितलं, "१८९३."

"म्हणजे सूट नाही. कुणाला काही सांगायचंय?"

पोपिंगा खाकरला आणि खिडकीबाहेर बघू लागला. रेन्को म्हणाला, "नवाच आहे साहेब, आम्ही होतो ना उद्घाटनाला! तेव्हापासून यांच्या नव्याचा तोरा ऐकतोय."

साहेब फोकोकडे वळला. "ही अक्षरं तुमची?"

"माझीच."

फोकोने टोपी हातात फिरवली. एकदा, पुन्हा एकदा.

"सुरेख आहेत," साहेब म्हणाला.

"हो," फोको म्हणाला.

झालं.

ऑर्गन वाजवून बघायचा झाला तर वारा हवा, म्हणून वुबकेला फळीआड उभं केलेलं. तिने शब्द न् शब्द ऐकला. बाहेर येऊन 'जुना आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण रेन्को उफेनसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं? आता बोलेल, आता बोलेल, म्हणत ती दांडा धरून उभी राहिली. जिन्यावरून बूट उतरत गेले.

घरी तिने फोकोला धरलं. "जीभ कुठे गेली होती?"

"रेन्को होता ना तिथे."

"मग त्याच्याशीच लावायचं होतंस लग्न!"

नळ्या काढायच्या आधी निरोपाची उपासना ठरली. आदल्या दिवशी फोको दारात घुटमळला. "उद्या मी तुडवतो. आठवडाभर जाऊन शिकलोय. तू खाली बस."

त्याने खरंच शिकून घेतलं होतं. पण वुबके पेटलेली. "आता सुचतंय? शेवटचा वारा मीच घालणार. तू बस खाली, आणि ऐक काय घालवलंस ते."

तो बसला, पहिल्या बाकावर. ती खाली आली तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

नळ्या गेल्या. उरलेल्या भोकांत लाकडी बुचं मारली. मग एके दिवशी फोको खरवडणी घेऊन माडीवर गेला. खरं तर चांगला रंगारी आधी घासून मग रंगवतो. फोकोने का कोण जाणे, त्या वेळी घासलं नव्हतं. सोनेरी मुलामा निघाला, तपकिरी रंग निघाला आणि खाली १६८८ जसंच्या तसं.

"निघालं," त्याने घरी येऊन सांगितलं.

"मग आता दाखव कुणाला दाखवतोस ते."

लढाई संपल्यावर जस्ताच्या नळ्या आल्या. त्यांना रुपेरी रंग फोकोनेच दिला. पुढे तो गेला. त्यानंतर काही वर्षांनी भात्यांना विजेची मोटार बसली आणि म्हाताऱ्या वुबकेला मोठ्या मानाने खाली आणून पहिल्या बाकावर बसवलं.

तिने ऐकलं. आवाज पातळ होता, की तिच्याच मनात तसं होतं, काही उमजेना. शेजारी बसलेल्या, तिच्याच वयाच्या हिल्केला तिने विचारलं, "पूर्वीचा कसा होता गं?"

"असाच की," हिल्के म्हणाली. "हा जरा नवा वाटतो."

वुबके पुन्हा नळ्यांकडे बघू लागली. नुसता रंग दिला तरी ज्यांना आवाज नवा वाटतो, असल्या कानांना विचारून काय मिळणार! काय होतं ते जाणून ऐकणारा एकच माणूस होता. मुद्दाम ऐकायला तिनेच त्याला बसवलं होतं, आणि नंतर इतकी वर्षं एका टेबलाशी चहा पिऊनही कधी विचारलं नव्हतं.

"वुबके, पाय आवर," हिल्के कुजबुजली. "बाक हलतोय."