नझीरने सांगितलेला सिनेमा

पनवेलच्या एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात नझीरची उमेदीची वर्षं गेली. टॉकीज बंद पडलं, तसा तो बायकोला, नूरीला, घेऊन नेरुळच्या फ्लॅटमध्ये आला. येताना सोबत आणली ती एक लाडकी गोष्ट. कधीतरी टॉकीजला लागलेला आणि आठवडाही न टिकलेला एक इंग्रजी काउबॉय सिनेमा. त्यात गोळी लागून मेलेला फौजदार घोड्यावरून गावात परत येतो. घोड्याची सावली पडत नाही. भीतीने कुणी त्याला ओळख देत नाही.

"फक्त बायको दार उघडते," नझीर सांगायचा, "आनि म्हनते, किती उशीर केलात!"

शेजारच्या वैजयंतीताई हसायच्या. "नझीरभाई, हा सिनेमा तुम्हीच रचलाय."

सत्त्याण्णव साली नझीरला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

एका रविवारी दुपारी नूरी त्याला पेज भरवत होती. केबलवर काहीतरी काळंपांढरं चालू होतं. अचानक नझीरने वाटी ढकलली आणि टीव्हीकडे बोट करून तो घशातून आवाज काढू लागला. पडद्यावर भर उन्हात घोडा चालला होता. खाली सावली नव्हती.

"या अल्ला! हाच का तो?"

नझीरचे डोळे भरून आले. नूरीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिने धावत जाऊन वैजयंतीताईंना आणलं. शेवटी फौजदार आपल्या घरी पोचला. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलली आणि दार लावून घेतलं.

"काय म्हनली ती?"

वैजयंतीताई घुटमळल्या. "म्हणाली, मी या माणसाला ओळखत नाही."

नूरी नझीरजवळ बसली. "तुमी तर वेगलंच सांगायचात. विसरलात, का माझ्यासाठी बदललंत?"

नझीरचे ओठ हलले. "ब... ब..." पुढे काही येईना. त्याने तिचं मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. ते हो होतं की नाही, तिला कळेना. "रावू द्या," म्हणत तिने त्याची हनुवटी पुसली. मग पेज सांडलेली चादर घेऊन ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

त्या थंडीत नझीर गेला. नंतर तिने केबलवाल्याला गाठलं, तो सिनेमा परत लावशील का म्हणून.

"लावतो ना आंटी. नाव काय?"

नाव नझीरने कधी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.