लाल दिवा आणि नानांचा आवाज

देवासला आमच्या घरी खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. कारखान्यात नोकरी करणाऱ्या मराठी घरांत तो रिवाजच होता. पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर, शिलाई मशीन, यांची स्कूटर, आणि यांनी हौसेनं घेतलेला अॅम्प्लिफायरही. त्याच्या पाठीमागून स्पीकरच्या तारा काढून तो पाटावर यायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ व्हायची, आणि दसऱ्याला तारा परत हेच जोडायचे. मी धारची. माहेरी पूजेला पोथ्या आणि पणजोबांची संस्थानच्या काळातली तलवार असायची. त्यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला माझे वडील, नाना, धारहून आले. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. आदल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. बोलायचं ते पाटीवर लिहून. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट होती, गणपतीची पूजा सांगतानाची. धारच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर ती ऐकून त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'हा मी नाही.' चांगल्या यंत्रावर एकदा ऐकावी म्हणून ती कॅसेट खिशात घालून ते बसनं इंदूरमार्गे आले होते. इथेही त्यांनी नकारार्थी मान हलवली तर काय करायचं, याची मला धास्ती होती.

अॅम्प्लिफायर चालू केला की पुढचा लाल दिवा लागायचा, क्षणभरानं आत टक् व्हायचं, दिवा विझायचा आणि मग आवाज यायचा. त्या दिवशी तसंच झालं. पण त्याला जोडलेल्या टेपडेकमध्ये कॅसेट लावल्यावर पहिला शब्द फुटायच्या आतच पुन्हा टक्, पुन्हा लाल दिवा आणि सगळं गप्प. बंद करून परत लावलं, तरी तेच.

सासूबाई म्हणाल्या, "दसऱ्याला आपण होऊन दिवा लागला, शुभच आहे."

"कसलं शुभ! ट्रान्झिस्टर गेले," असं म्हणून यांनी शेजाऱ्यांना बोलावलं. ते वसाहतीतले रेडिओ हौसेनं दुरुस्त करायचे. त्यांनी ऐटीत निदान केलं, "भिया, ये प्रोटेक्शन का नाटक है. रिले डायरेक्ट कर देते हैं, अभी बजेगा." यांनी लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला. त्याच्यावर कालचं कुंकू तसंच होतं.

माझं डोकं फिरलं. "हात लावू नका," मी म्हटलं. सासरी, सासूबाईंच्या आणि वडिलांच्या देखत.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय. तुम्ही फक्त किती वॉटचा आहे तेवढंच पान वाचलंत."

लाल दिवा म्हणजे यंत्र मेलं असं नव्हे. बाहेर काहीतरी चुकलंय, आतले भाग जळू नयेत म्हणून रिलेनं, म्हणजे आतल्या त्या टक् करणाऱ्या स्विचनं, स्पीकर तोडलेत, एवढाच त्याचा अर्थ. तो रिले डायरेक्ट केला असता तर ट्रान्झिस्टर खरोखरच गेले असते, आणि मग धारच्या बसमध्ये बसवताना नानांना काय सांगायचं? मी बी.एस्सी. होते, पण लग्नानंतर ते कुणी विचारलंही नव्हतं.

स्पीकरच्या सगळ्या तारा मी काढून टाकल्या आणि कॅसेट लावली. दिवा विझलेलाच राहिला. म्हणजे अॅम्प्लिफायर ठीक. मग उजवा स्पीकर जोडला, तर टक्, दिवा. तार उजेडात धरली. यांनी घाईघाईत पीळ दिलेल्या तारेतला केसाएवढा एक तांब्याचा धागा सुटून शेजारच्या टोकाला टेकत होता. सगळा तमाशा त्या धाग्याचा. तो कापला, पीळ नीट दिला आणि दोन्ही स्पीकर जोडले. शेजारी चहाला थांबले नाहीत.

दिवा विझला आणि नानांचा आवाज खोलीत आला, जाड आणि जरासा घोगरा. धारच्या देवघरात असायचा तसाच. पण मला कळून काय उपयोग? नाना जमिनीकडे बघत होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मंत्र चालू होते. हे खुर्चीच्या कडेला बसले होते.

मध्येच मंत्र थांबले आणि आवाज वैतागून म्हणाला, "अगं, दार लाव आधी. निरांजन विझतंय."

मी उठले आणि जाऊन दार लावलं. कडीला हात लागला तेव्हा लक्षात आलं की घरात निरांजन लागलेलंच नाही. वळून पाहिलं तर नाना माझ्याकडेच बघत होते. खांदे गदगदा हलत होते, ते हसत होते, आणि मला मात्र रडू आवरेना.