कापडाचं माहेरपण

कियो जर्मनीत, एर्लांगेनला आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचं गाव जपानातल्या एचिगोच्या डोंगरात. तिथे हिवाळ्यात बर्फ छपराला टेकतं, आणि घरोघरी बायका झाडाच्या सालीचा धागा काढून तलम कापड विणत बसतात. जर्मन इंजिनीअरशी लग्न करून ती निघाली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "आता परत येऊ नकोस." आईने मात्र स्वतः विणलेला एक तागा गुपचूप तिच्या सामानात कोंबला.

बत्तीस वर्षं तो कपाटात पडून पिवळा झाला. आता एप्रिलात लेकीचं, हॅनाचं लग्न होतं. तिने आजीच्या कापडाचा किमोनो घालावा, एवढंच कियोच्या मनात होतं.

"मग धुवा ना, ताई," शेजारची सुलेखा म्हणाली. ती पुण्याची, दोघी बोलायच्या मोडक्यातोडक्या जर्मनमधून.

"धुऊन जात नाही गं. बर्फावर उन्हात पंधरा दिवस अंथरावं लागतं. आमच्याकडे जुनं कापड त्यासाठी परत गावी पाठवतात. लग्न झालेली मुलगी चार दिवस आईकडे जाते ना, तोच शब्द त्याला."

"अगं बाई, माहेरपण!" सुलेखा मराठीतच ओरडली. "मग पाठवा की!"

"कुणाकडे? आईवडील गेले. भाऊ पत्राला उत्तर देत नाही. वडिलांचा शब्द पाळतोय अजून."

आणि २००७ च्या त्या हिवाळ्यात बर्फच पडेना. कियो रोज सकाळी पडदा सारून पार्किंगमागचं गवत बघे. हिरवंगार! हॅना फोनवर म्हणे, "ममा, मी दुकानातला ड्रेस घेते ना. कशाला एवढा त्रास?"

"थांब जरा," कियो म्हणे.

जानेवारी सरता सरता चार बोटं बर्फ पडलं. कियो आणि सुलेखाने तागा ओला करून धावतपळत खाली नेला, अंथरला. लख्ख ऊन पडलं. अकरा वाजता कडेने गवत डोकावू लागलं.

"सावलीत ओढूया का?"

"सावलीत पांढरं होत नाही. ऊनच लागतं."

"पण उन्हाने बर्फच चाललंय, ताई!"

 भिंतीच्या आडोशाचं बर्फ ओंजळीने आणून कियो कापडाखाली सारत राहिली. बोटं लाल झाली. दोन वाजेपर्यंत चिखल वर आला; कापडावर हिरवे, मातकट पट्टे उमटले.

दोघींनी दोन टोकं धरून ते पिळलं. गढूळ पाणी निघालं.

"हॅनाला तू फोन कर," कियो म्हणाली. "ड्रेस घे म्हणावं. मला तिच्याशी बोलणं नाही जमायचं."