मायला माडी चढायची होती

"मले अकोल्याले ने. कौसाची माडी चढाची हाये मले," असं मायनं एका सकाळी जाहीर केलं, तेव्हा तिचं बोचकं बांधून तयार होतं. म्हणजे हा हुकूमच होता. साल बासष्टच्या आसपासचं असेल. महिना मात्र नक्की मे, कारण शाळेला सुट्ट्या होत्या आणि मी वलगावजवळच्या एका शाळेवर नुकताच मास्तर झालो होतो.

माडीचं एवढं काय कौतुक, असं आज कुणालाही वाटेल. आमची वस्ती गावाबाहेरची. तिथं कुणी माडी बांधायची नाही, असा गावाचा रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पोरं शिकली, सरकारी नोकरीला लागली, तरी घरं बुटकीच राहिली. मायचा उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करण्यात गेला. स्वतःच्या माणसाच्या घरात जिना चढणं तिला ठाऊकच नव्हतं. माझी थोरली बहीण कौसल्या अकोल्याच्या एका कारकुनाला दिलेली. त्यांनी शहराबाहेरच्या नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेतला आणि काही महिन्यांत ताईचं पत्र आलं: घर झालं, वर माडी काढली. ते पत्र मायनं माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की घडीवर फाटलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसते तवर माडी पाह्यली पायजे, हे तिचं पालुपद.

तुम्ही जाणार असाल तर एकदा हायवे सोडा आणि आमच्या वाटेनं जा. वलगावहून एस.टी.नं अमरावती, तिथून छोट्या गाडीनं बडनेरा आणि बडनेऱ्याला पॅसेंजरची वाट पाहणं. मूर्तिजापूरला नळावर फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून घ्यायचा. शिदोरी घरची: ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. ऊन लागू नये म्हणून एक कांदा खिशातही असू द्या. उन्हाळ्यात अकोल्याला जाणारा शहाणा माणूस तो विसरत नाही. तिकिटाला मोजके पैसे पडायचे. खरा खर्च घामाचा.

डब्यात समोर बसलेल्या बाईला मायनं न विचारताच सांगून टाकलं, "लेकीची माडी पाहाले चाललो."

"काया मातीत माडी?" ती बाई म्हणाली. "खाली मुरूम लागेस्तोवर पाया खंदा लागते, बाई. आमच्या देरानं खंदला, तं त्याची हीर झाली."

मायनं खिडकीबाहेरच्या काळ्या रानाकडं तोंड फिरवलं, ते अकोल्यालाच वळवलं.

स्टेशनावरून टांगा केला. डांबरी सडक संपली, मग खडीची संपली आणि टांगेवाला म्हणाला, "हेच ते नवं ले-आऊट." समोर काळं, भेगाळलेलं रान होतं आणि त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेलं एक अख्खं शहर. खोल्या, गल्ल्या, चौक, सगळं जमिनीवर. कोपऱ्याकोपऱ्यावर प्लॉटच्या नंबरांचे दगड. विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. दुपारचे बारा वाजले होते आणि जिथवर नजर जाईल तिथवर सावली अशी कुठंच नव्हती.

टांगेवाला रिकाम्या रानात काटकोनात वळला. पुढं पुन्हा वळला.

"सरळ घाल ना," मी म्हणालो.

"भिंतीतून नेऊ काय टांगा?" तो म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही. तेवढ्यात एक म्हातारा बकऱ्या घेऊन चाललेला दिसला. त्याच्या बकऱ्याही एकामागं एक, गल्लीतून चालल्यासारख्या चालल्या होत्या. पांढऱ्या रेघेवर एकीचाही खूर पडत नव्हता. मीही टांग्याबाहेर काढलेला पाय आत घेतला, खोटं कशाला सांगू.

ताई एका चौकोनात उभी होती. पाठीमागं सिमेंट ठेवायची टिनाची खोली, आणि तिच्या बाजूला मागच्या कोपऱ्यातल्या पायाच्या खड्ड्यातून उपसलेल्या मातीचा भलामोठा ढीग, मजलाभर उंच. घर नव्हतं. मायला टांग्यातच बसवून ताईनं मला बाजूला ओढलं.

"खंदतच राहिलो, बापू. मुरूम लागतच नाई. तुह्या भाऊजीले वाटलं, उन्हाळ्यापर्यंत होऊन जाईन, म्हणून लिवलं मी. मायले सांगू नको. मरून जाईन थे."

मला तिचा भयंकर राग आला. पण तिच्याकडं पाहून मान हलवली आणि मी खोट्यात सामील झालो.

"दार कुठी हाये?" माय ओरडली, आणि कुणी हात द्यायच्या आत उतरली. चुन्याच्या रेघेत दारापुरती जागा सोडलेली होती. तिला चार हातांवरचं माणूस ओळखू येत नसे, पण ती नेमकी तिथूनच आत आली, आणि येताना पाय उंच उचलला.

"उंबरा चांगला केला," ती म्हणाली. मग हवेवरून हात फिरवत, कुठंही रेघ न ओलांडता, ती दुसऱ्या खोलीत गेली. "आता माडी."

मजुरांनी माती वर टाकायला ढिगाऱ्यात पायऱ्या कोरल्या होत्या. ताई पुढं, माय मधे, मी मागं. वर पोचल्यावर मायनं पदर सावरला आणि चारी बाजूंना तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "किती माड्या हायेत रे बाप्पा."

मी पाहिलं. ऊन थरथरत होतं, बाकी काही नव्हतं.

"अन् थे समोरच्या माडीवर बाई उभी हाये, लाल लुगड्यातली. केव्हाची आपल्याकडंच पाहून राहिली. वळखीची हाये काय, कौसा?"

"शेजारीन हाये," ताई कशीबशी म्हणाली.

"मंग हात तं दाखव."

ताईनं त्या मोकळ्या रानाकडं हात हलवला आणि चटका बसावा तसा खाली घेतला. खाली उतरल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "मले वाटलं, तिनंबी हात केला."

दोन दिवस आम्ही टिनाच्या खोलीत काढले. मायनं तिला बैठक म्हटलं. भाकरी गोड लागत नव्हती, पण माय खूश होती. परतीला बडनेऱ्याच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसलो असताना ती एकदम म्हणाली, "कौसाले कागद टाक. म्हनावं, अजून खंदा. मुरूम लागल्याबिगर दगड घालू नोका."

"माय, तुले ठाऊक होतं?"

"उभा जलम काया मातीत गेला माह्या. पायाखाली जिना हाये का ढेकूळ, थे डोयानं पाहा लागते काय?"

"मंग बोलली काहून नाई?"

"लेकरानं इतल्या मायेनं चढवलं, अन् मी काय बोलू?"

"अन् समोरची बाई? थेबी खोटीच?"

मायनं तांब्याची फिरकी आवळली. "थे होती," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं साऱ्या वस्तीला माडी सांगितली, पायऱ्यांच्या आकड्यासकट. पावसाळ्यात ती गेली. मुरूम लागल्याचं पत्र त्यानंतर आलं. दोन वर्षांनी खरी माडी उभी राहिली. मी तिच्या पायऱ्या मोजल्या. मायनं सांगितल्या तेवढ्याच भरल्या.

पुढं मुंबईत, परदेशात लेकाकडं, कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्टमधून वर गेलो. खाली माणसं मुंगीएवढी दिसतात, छान वाटतं, विसरूनही जातो. अकोल्याचं ते ले-आऊट आता भर वस्तीत आहे, सगळीकडं फ्लॅट झाले. ताईच्या समोरचा प्लॉट तेवढा कुणी बांधला नाही; मालक कोण, हे तिथं कुणालाच सांगता येत नाही. ताई होती तोवर रोज दुपारी माडीवर जायची आणि त्या मोकळ्या जागेकडं पाहून हात हलवायची. पलीकडून कुणी हात करतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. मायनं दोन दिवस आमचं खोटं सांभाळलं होतं, तिचं एवढं एक आम्ही सांभाळलं.