‘घरी पण नेसतो’

हर्षद आग्रे राधा करतो हे त्याला पहिल्यांदा बघणाऱ्याला सांगूनही पटत नसे. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात तो कामाला. लोखंडी आकडीनं बर्फाच्या लाद्या ओढायच्या, यंत्रात घालून फोडायच्या, चुरा ट्रॉलरमध्ये सोडायचा. खांदे दाराएवढे रुंद, तळहात गारठ्यानं भेगाळलेले, आवाज घोगरा. पण शिमग्यात आमच्या वाडीचं नमन, म्हणजे गवळण-सोंगांचा खेळ, दारोदार निघालं आणि पायात चाळ बांधून हर्षद दुपारच्या उन्हात कुणाच्या अंगणात उतरला, की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

“बघ गो, पदर कसा सावरतो. आपल्याला तरी जमेल काय?”

नमनात बायकांची सोंगं पुरुषच घेतात. आजे-पणजे घेत आले, त्यात कुणाला काही वाटत नसे. आधीचा राधा करणारा मुंबईला नोकरीला गेला तेव्हा मंडळाचे प्रमुख भिकाजीबुवा यांनी कोवळ्या वयाच्या हर्षदला मृदंगासमोर उभं केलं होतं. तेव्हापासून राधा म्हणजे हर्षद, हे ठरूनच गेलं.

एक गोष्ट मात्र फक्त त्याच्या बायकोला, अक्षयाला ठाऊक होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती बाजारातून लवकर परतली, तर हर्षद तिची लिंबू रंगाची साडी नेसून माजघरात तांदूळ निवडत बसला होता. नाचत नव्हता, आरशात बघत नव्हता. नुसता बसला होता, आणि त्याचा चेहरा इतका निवांत तिनं कधी बघितला नव्हता. तिच्या तोंडून एवढंच निघालं, “कोणी बघितलं असतं तर?” त्या दिवशी ती रडली. मग कितीतरी दिवस अबोला झाला. पण हर्षद हात उगारणारा नव्हता, पिणारा नव्हता, लेकीचे केस विंचरून तिला शाळेत सोडणारा होता. हळूहळू अक्षयानं तो विषय सोडून दिला, आणि पुढे कधीतरी त्याच्या निऱ्या वाकड्या दिसल्या तेव्हा पुढे होऊन नीट केल्या.

मागच्या थंडीत रत्नागिरीत एका सभागृहात लोककलांचा महोत्सव झाला. आमच्या मंडळाची गवळण छान रंगली. कार्यक्रम संपल्यावर हर्षद साडीतच आवारात चहा घेत उभा होता. कॉलेजच्या चार मुली त्याच्याभोवती जमल्या. एकीनं विचारलं, “काका, साडीत अवघडल्यासारखं नाही होत?”

हर्षद खुशीत होता. हसून म्हणाला, “उलट मोकळं वाटतं. घरी पण नेसतो कधी कधी.”

कुणीतरी मोबाईल धरला होता. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते एवढंच वाक्य कापून, खाली ‘आपल्या मुलांसमोर हे चालणार का?’ असं लिहून कुणी सोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होतं. हर्षदला कळलं ते अक्षयाच्या आईच्या फोनवरून.

“अक्षया, ह्यो काय प्रकार हाय? आमच्याकडं कोणी पाठवलान म्हायत हाय? तुझ्या चुलत्यानं!”

मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणे नमनात पुरुषांना साडी नेसवणं बंद करा, आता मुली आहेत ना. कुणी म्हणे हे परदेशातलं खूळ आहे, परंपरेच्या नावाखाली घुसवताहेत. मंडळांनी एकत्र येऊन निषेध करावा असंही ठरत होतं, पण निषेध कुणाचा, ते ठरत नव्हतं. जिल्ह्यातल्या एका यूट्यूब चॅनेलनं चर्चा ठेवली. हर्षद जेवता जेवता ती बघत होता. एक गृहस्थ म्हणाले, असल्यांमुळे समाजाची नीती बिघडते. दुसरे तावातावानं म्हणाले, पुरुषानं स्त्रीचं सोंग घेणं ही आमची परंपरा, तिच्यावर बोट ठेवायचं नाही. हर्षदला जरा धीर आला. तेवढ्यात निवेदकानं ती क्लिप लावली.

परंपरेचे गृहस्थ अडखळले. “रंगमंचावर ठीक आहे,” ते म्हणाले. “घरी नेसणं… तो वेगळा विषय. त्याचं समर्थन आम्ही करत नाही.”

हर्षदच्या हातातला घास तसाच राहिला. विरुद्ध बोलणाऱ्यांची वाटणारी भीती त्याच्या ओळखीची होती. पण आपल्या बाजूनं बोलणारा माणूसही त्या वाक्यापाशी येऊन मागे सरला, तेव्हा त्यानं मोबाईल पालथा घातला.

पुण्याहून एका संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्या मायेनं बोलल्या. तुम्ही एकटे नाही, म्हणाल्या. त्याच्यासारख्या माणसांना काय काय म्हणतात तेही त्यांनी सांगितलं. त्यातलं आपलं नाव कुठलं, हे त्याला ठरवता येईना. “बाई, मला नावात नका गुंतवू,” तो म्हणाला. “मला मुलगी हाय.” आणि फोन ठेवून दिला.

मुलगी, सानवी, चौथीत. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर न काढताच बापासमोर उभी राहिली. “पप्पा, तू बाई हायस काय? वर्गातली अक्षरा म्हणाली.” हर्षदनं तिला जवळ घेतलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की खरं बोलावं तरी भीती, खोटं बोलावं तरी भीती. अक्षयाच आतून म्हणाली, “सानवी, हातपाय धू आधी.”

बंदरावर कुणी काही बोललं नाही, हे त्याला जास्त लागलं. एरवी लादी ओढताना चेष्टामस्करी चालायची. आता तो आला की बोलणं थांबायचं. चहाचा ग्लास पुढे करणारा हात जरा लांबूनच यायचा. तो मान खाली घालून बर्फ फोडायचा आणि सुटी झाली की स्कूटरवर बसून थेट घर गाठायचा.

अशाच एका दुपारी आरे-वारेच्या चढावर दोन मोटरसायकली त्याच्या मागं लागल्या. एक पुढे गेली, आडवी झाली. चौघं पोरं उतरली. खाली समुद्र, वर रस्ता, पर्यटकांच्या गाड्या येत-जात होत्या. उजेड लख्ख होता.

“राधाबाय, कुठं निघालीस?”

हर्षदनं स्कूटर बंद केली. त्यांच्यातला कुणीही एकटा असता तर त्यानं एका हातानं उचलला असता. पण ते चौघं होते. एकानं स्कूटरची चावी काढून घेतली.

“चालून दाखव. जशी नमनात चालतोस तशी. मग चावी देतो.”

मागे उभ्या असलेल्या पोराला हर्षदनं ओळखलं. शेजारच्या वाडीतल्या हौसाबाईंचा रितेश. गेल्याच शिमग्यात त्यांच्या अंगणात नमन झालं होतं आणि हाच पोरगा पुढे बसून टाळ्या पिटत होता. हर्षदनं त्याच्याकडे बघितलं. रितेशनं नजर चुकवली आणि मोबाईल वर धरला.

एक गाडी हळू झाली. आतल्या बाईनं काच खाली केली, बघितलं, काच वर झाली. गाडी निघून गेली.

हर्षद चालला. चुना लावलेल्या कठड्याच्या कडेनं, बर्फाच्या पाण्यानं भिजलेल्या पँटमध्ये, कमरेवर हात ठेवून चालला. पोरं खिदळली. “परत!” म्हणाली. तो परत चालला. मग त्यांनी चावी खाली झुडपात भिरकावली आणि पोरं निघून गेली. ती शोधताना काट्यांनी त्याचे हात सोलवटले. अंगणात नाचताना जी चाल आपोआप यायची, जिच्यात त्याला श्वास मोकळा व्हायचा, तीच चाल त्या लोकांनी त्याच्याकडून ओरबाडून घेतली होती, आणि ती पुन्हा कधी येईल असं त्याला वाटेना.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. अक्षयाला तो व्हिडिओ संध्याकाळी तिच्या भावाकडून आला. ती मागल्या दारी गेली, तर हर्षद साड्यांची पत्र्याची पेटी पाणी तापवायच्या चुलीशी ओढत होता.

“काय करताव?”

“जाळतो.”

“त्यातली एक माझी हाय,” अक्षया म्हणाली. “लग्नातली. ती कशाला जाळताव?”

तिनं पेटीवर बैठक मारली. हर्षद तिच्यासमोर उकिडवा बसला. तो म्हणाला, “तुला माझी लाज वाटत असंल.”

“मला भ्या वाटतं,” ती म्हणाली. “लाजेचं नंतर बघू.”

दुसऱ्या दिवसापासून तो कोतवड्यावरून आतल्या रस्त्यानं कामाला जायला लागला. लांब पडायचं, पण वस्ती होती.

पुढच्या रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. शिमगा तोंडावर आला होता आणि शेजारच्या दोन वाड्यांनी निरोप पाठवले होते की तुमचं नमन यंदा आमच्या अंगणात नको. मंडपात पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. खांबाशी शेजारच्या वाडीतली काही पोरं उभी होती, त्यांत रितेशही होता.

भिकाजीबुवा हर्षदला बापासारखे. त्यांनी त्याला जवळ बसवलं. “हर्षा, आमी सगळे तुझ्यासंगती हाव. तू फक्त मोबाईलसमोर दोन शब्द बोल. मी पुरुष हाय, मला बायको-मुलगी हाय, राधा मी देवाची सेवा म्हणून करतो. आणि ते घरचं मी थट्टेत बोललो. झालं. गावाचं तोंड बंद होईल.”

“बोल रे, त्यात काय हाय,” चार जणांनी मागून साथ दिली. कुणाच्याही बोलण्यात वाईट भाव नव्हता.

एकानं विचारलं, “आणि त्या आरे-वारेच्या पोरांतला कोण ओळखलास काय? पोलिसात देऊ.”

हर्षदनं खांबाकडे बघितलं नाही. “नाय,” म्हणाला. नंतर काही जणांनी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मोठं मन वगैरे काही नव्हतं ते. नाव घेतलं तर उद्या सानवीच्या शाळेच्या वाटेवर कोण उभं राहील, या भीतीनं त्यानं ते नाव गिळलं होतं.

मोबाईल समोर धरला गेला.

“मी हर्षद भागोजी आग्रे,” त्यानं सुरुवात केली. “मी नमनात राधा करतो. मला बायको हाय, मुलगी हाय. ते मी जे बोललो ते…”

तो थांबला. अक्षया भिंतीशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्याकडे बघून तो थांबला की आणखी कशानं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

“थट्टा नव्हती ती,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला. “थट्टा म्हणू नका. बाकी काय ते म्हणा.”

भिकाजीबुवांनी मोबाईलवर हात ठेवला. “बंद कर,” ते म्हणाले. मग हर्षदकडे वळून, हताश होऊन, “मग मी सांगू काय गावाला?”

हर्षद उठला, चपला शोधायला लागला. अक्षयानं पुढे होऊन चपला त्याच्या पायांपाशी सरकवल्या. दोघं पाखाडीच्या पायऱ्या उतरून घरी गेली. मागून कुणी हाक मारली नाही, दगडही मारला नाही. हर्षद मात्र प्रत्येक पायरीवर दगडाची वाट बघत होता.

यंदा नमन राधेशिवाय निघालं. एका मुलीला उभं करायचं घाटत होतं, पण तिच्या भावानं नकार दिला. आता तिच्याबद्दलही लोक बोलणार, म्हणाला. विनीत नावाच्या कॉलेजातल्या पोराला साडी नेसवली, तर त्याच्या आईनं ती भर अंगणात फेडायला लावली. शेवटी कृष्ण आणि पेंद्या यांनीच गवळण कशीबशी उरकली.

नमन वाडीत फिरत होतं त्या दुपारी हर्षदच्या दारावर थाप पडली. बाहेर हौसाबाई उभ्या होत्या, हातात ताट. हर्षदचं लक्ष आधी त्यांच्या मागे गेलं, पाखाडीवर, कुठे मोटरसायकल दिसते काय ते बघायला.

“एकटीच हाय मी,” हौसाबाई म्हणाल्या. “राधेची ओटी भरतो आमी दरवर्षी. यंदा कोणाची भरू?”

हर्षद बनियन आणि अर्ध्या चड्डीत. “काकी, नको. कोणी बघंल.”

“रितेशच्या मोबाईलमधी मी बघितलं,” त्या म्हणाल्या. त्यांनी ताट पुढे केलं.

अक्षयानं दोरीवरचा पंचा ओढून हर्षदच्या हातात दिला. त्यानं तो पुढे पसरला. हौसाबाईंनी तांदूळ घातले, नारळ ठेवला, कुंकवाचं बोट त्याच्या कपाळापर्यंत नेलं आणि क्षणभर थांबल्या. हर्षदनं डोळे मिटून मान पुढे केली. त्या गेल्यावर त्यानं लगेच कुंकू पुसलं, आणि दाराच्या फटीतून त्या दृष्टीआड होईपर्यंत बघत राहिला.

आता पावसाळा तोंडावर आला आहे. चॅनेलवाल्यांना दुसरा विषय मिळाला. क्लिप मधूनच कुठेतरी उगवते, चार दिवस फिरते, विरते. पुढच्या वर्षी बघू, असं भिकाजीबुवा म्हणतात. हर्षद हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो अजून आतल्या रस्त्यानंच कामाला जातो. बंदरावर एक-दोघं पुन्हा बोलायला लागलेत.

कधी तरी सुटीच्या दुपारी, सानवी मामाकडे गेलेली असली की, तो माजघराच्या खिडक्या लावून घेतो. अक्षया पडवीत सूप घेऊन बसते. पाखाडीवर कुणाचं डोकं दिसलं की ती हातातलं काम न थांबवता मोठ्यानं म्हणते, “या, बसा. हे झोपलेत.” आणि आत साडीची सळसळ थांबते.