बाबाच्या चिलमीचा वास

तवा इंग्रजाचं राज होतं अन् आमच्या किन्हीराजात बिडी नवीनच आली होती. मंग काय, लोकायनं चिलमी उकिरड्यावर फेकल्या अन् आमच्या घरच्यायनं, म्हंजे माह्या नवऱ्यानं, त्या उचलून आनल्या! सोता खोकल्यापायी तंबाखू सोडलेला मानूस, पन चिलमीचा नाद भारी. आनलेली चिलीम ते गोवऱ्यांच्या विस्तवात टाकत. आतला जुना कीट जळे, घरभर घान सुटे. मंग राखेनं घासून, गेरू लावून, गळ्याले पितळी तार गुंडाळून तिले माह्या तेलमिठाच्या कोनाड्यात मांडत.

"प्याचं नाही तं जमवता कायले?" मी कावत जाओ.

"तू बांगड्या काय खाते?" ते म्हनत. मी तेलमीठ एका अंगाले सरकवो.

मंग माह्ये बाबा वारले. वर्षश्राद्धाले मी माहेरी आसेगावले गेली, तं भावजयीनं त्यायची चिलीम फुटक्या गाडग्यायत टाकलेली. मी ती पदरात बांधून आनली अन् ज्वारीच्या कनगीत लपवली. कोनापासून? आमच्या घरच्यायपासूनच! त्यायच्या हाती लागती तं भाजून लख्ख केली असती. मले तं तिचा वासच पाह्यजे होता. तंबाखू, धूर अन् बाबा. घरात कोनी नसलं का मी ती नाकाले लावून बसो. लय बरं वाटे.

एक दिवस कनगीतून काढता काढता तिच्या तोंडाचा टवका उडाला. त्याचा असा चुरा झाला का जोडाले काही उरलंच नाही. गेली बापा निमूट त्यायच्याकडं.

"अजी, एवढी नीट करून द्या. पन विस्तवात टाकान तं पाहा! बाबाचा वास जाईन."

"बरं," म्हने. बस, एवढंच.

दिवसभर कापूस वेचला, पन जीव घराकडंच. सांजच्याले आली, तं आंगनात विस्तव अन् तोच जळक्या किटाचा वास! माह्या डोक्यात तिडीक गेली. कापसाचं ओझं तिथंच आपटलं.

"जाळले ना माह्ये बाबा! सांगून गेली होती ना मी!"

ते विस्तवापासून उठले. बाबाची चिलीम माह्या हातात देली. मी नाकाले लावली. तंबाखू, धूर, बाबा. सारं जागच्या जागी होतं. तोंडाले तेवढा लाखेनं बसवलेला एक तुकडा, रंगानं पार मिळता.

मी कोनाड्यात पाह्यलं. शिरपूरच्या बाजारातून आनलेली त्यायची सगळ्यात लाडाची जुनी चिलीम, जिले ते मले हातही लावू देत नव्हते अन् तडकन म्हनून कधी भाजतही नव्हते, ती तिथं नव्हती. तिची खापरं विस्तवाजवळ पडली होती.

"मंग तुमी जाळलं तं काय?" मी विचारलं.

"थो लावलेला तुकडा. त्याले कोन्या भलत्याच्या तंबाखूचा वास होता. तुह्या बाबाच्या वासात मिसळाले नोको."

मले रडूच आलं. लय चांगला मानूस भेटला होता बापा मले. मी डोळे पुसले, कोनाड्यातलं तेलमीठ काढलं अन् चुलीजवळ भुईवर नेऊन ठेवलं. कोनाडा सारा त्यायच्या चिलमीयले मोकळा.